डनारा कॅसल कागदावर उतरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दिवाळी अंकात स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवर लेख येतोय आणि त्यासाठी शाईचं एक मोठं चित्र काढायचंय. तिथे जाणारी ‘डनारा कॅसल’ ही जुनी आगबोट चित्रात हवी. हाताशी थोडे धूसर फोटो आहेत, बोटीचे आराखडे नाहीत. काढून पाहिली, पण दर वेळी खेळण्यातली वाटते. नेमकं कुठे बिघडतंय?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही बोटीचं पोर्ट्रेट काढताय. आडवी, स्वच्छ, रिकामी, पाण्यावर ठेवलेली बोट. ही बोट मिरवायला बांधलेली नव्हती. पीठ, रॉकेल, लाकूड, टपाल, मेंढ्या आणि माणसं असं सगळं एकाच फेरीत वाहायचं, आणि जिथे धक्का नाही तिथे नांगर टाकून ते होड्यांमध्ये उतरवायचं, हे तिचं काम. तिचा आकार त्या कामातून आलाय. काम काढून घेतलंत की उरतो तो नुसता बाह्याकार, आणि बाह्याकाराला मोजमाप नसतं. म्हणून ती खेळणं दिसते.

पेन्सिल उचलण्याआधी साल ठरवा. ‘डनारा कॅसल’ १८७५ साली पोर्ट ग्लासगोला ब्लॅकवुड अँड गॉर्डन यांच्या गोदीत बांधली गेली, मार्टिन ओर्म यांच्यासाठी. १८७७च्या उन्हाळ्यापासून ती प्रवाशांना घेऊन सेंट किल्डाला जायला लागली, आणि मोडीत निघाली १९४८ मध्ये. म्हणजे ७३ वर्षं. एवढ्या आयुष्यात बॉयलर बदलतात, आणि बॉयलर बदलला की धुराडं बदलतं. उघड्या ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या उंच जागेवर, आधी कापडी आडोसा येतो, मग लाकडी खोली. परबाणी, म्हणजे शिडाच्या आडव्या काठ्या, उतरतात, लाइफबोटी वाढतात. तुमचा एक फोटो १८८०च्या दशकातला आणि दुसरा १९३०चा असेल आणि दोन्हींमधून थोडं थोडं उचललंत, तर जी कधीच समुद्रात नव्हती अशी बोट तयार होते. फोटोमागे लिहिलेल्या तारखेवर विसंबू नका. सगळे फोटो ओळीत लावा आणि एकाच काळातले जे दोन-तीन दिसतील तेवढेच समोर ठेवा, बाकीचे उलटे करून ठेवा.

आणखी एक खबरदारी. १८९८ पासून ‘हेब्रिडीज’ नावाची दुसरी बोटही त्याच बेटांवर जात होती. ती स्कॉटलंडमधल्याच ट्रूनच्या एल्सा गोदीत जॉन मॅकॅलम यांच्यासाठी बांधलेली. १९२९ साली दोन्ही मालकांचा धंदा एक झाला. तेव्हा ‘सेंट किल्डाच्या खाडीत उभी असलेली आगबोट’ एवढाच मजकूर फोटोखाली असेल तर ती कुठली, हे आधी ताडून घ्या. नाव वाचता येत नसेल तर खिडक्यांची रांग, लाइफबोटींच्या जागा आणि धुराड्याचं डोलकाठ्यांपासूनचं अंतर, या तीन गोष्टी नाव पक्क्या माहीत असलेल्या फोटोशी जुळतात का पाहा.

आता मापं. आराखडे नसले तरी लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदवहीचे जुने खंड आज इंटरनेटवर चाळता येतात. त्यात प्रत्येक बोटीची लांबी, रुंदी आणि खोली छापलेली असते. नवखे लोक इथे हमखास अडखळतात. एक म्हणजे ते आकडे फूट आणि फुटाचे दशांश असे असतात. फुटांनंतर टिंब देऊन चार लिहिलेलं असेल तर ते चार इंच नव्हेत, फुटाचे चार दशांश, म्हणजे जवळजवळ पाच इंच. दुसरं, लांबी मोजली जाते ती नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पुढच्या कडेपासून सुकाणूच्या खांबापर्यंत. त्याच्या मागे पाण्यावर लटकणारी गोलसर पिछाडी त्यात धरलेली नसते. संपूर्ण बोट त्या आकड्यात बसवलीत तर तुमच्या मोजपट्टीतला प्रत्येक फूट मोठा होतो आणि तिने मोजलेली प्रत्येक उंची चढते. बोट बुटकी आणि फुगीर दिसते ती यामुळे. तिसरं, ‘खोली’ म्हणजे आतल्या मालखान्याची उंची. बोट पाण्यात किती बुडते त्याचा हा आकडा नव्हे. आणि टनांचा आकडा वजनाचा समजू नका, तो आतल्या जागेचा असतो : १०० घनफूट म्हणजे एक टन. चित्रकाराला त्याचा उपयोग शून्य.

ही बोट साधारण १८० फुटांची होती. हा आकडा मनात मुरू द्या. आजच्या क्रूझ जहाजांचे फोटो पाहून आपली नजर बिघडलेली असते. आपण नकळत मजल्यावर मजला चढवतो. १८० फुटांच्या बोटीवर माणूस उभा राहिला की लांबीच्या साधारण बत्तिसाव्या भागाइतका उंच दिसतो. म्हणजे कागदावर बोट ३२ सेंटिमीटर काढलीत तर माणूस एक सेंटिमीटर. दार त्याहून थोडं उंच, कठडा त्याच्या कमरेच्या वर. हा एक सेंटिमीटरचा माणूस कार्डाच्या तुकड्यावर कापून घ्या आणि चित्रभर फिरवा. सलूनच्या, म्हणजे प्रवाशांच्या बैठकीच्या खोलीच्या, दारातून तो आत जातोय का? ब्रिजवर उभा राहिला तर त्याला पुढचं दिसतंय का? लाइफबोटीत असे किती बसतील? तुमच्या चित्रात लाइफबोट फार लहान आणि खिडक्या फार मोठ्या आहेत हे या तुकड्याने पाच मिनिटांत कळेल. खेळण्याच्या कारखान्यातही नेमकं हेच करतात, खिडक्या मोठ्या आणि बोटी नावापुरत्या.

फोटोंमधून रंग काढायला जाल तर सावध. तुम्ही शाईत काढताय, तरी कुठे काळं भरायचं आणि कुठे कागद सोडायचा हा प्रश्न आहेच. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, लाल त्यांना दिसतच नसे. लाल रंग फोटोत काळा पडतो, पिवळसर रंगही गडद होतो, आणि निळं आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं येतं. लाल धुराड्याला वर काळा पट्टा असला तर जुन्या फोटोत अख्खं धुराडं काळंच दिसेल. पुढे हिरवा-पिवळा ओळखणाऱ्या प्लेटा आल्या, तरी लाल त्यांनाही कळत नसे. सगळे रंग पकडणारी फिल्म वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हाती सर्रास पडली ती १९२०-३०च्या दशकांत. तेव्हा ‘फोटोत काळं आहे’ म्हणजे ‘काळं होतं’ असं धरू नका. धुराड्याच्या वरच्या भागात एखादी आडवी, किंचित वेगळी चमक दिसते का ते भिंगाने पाहा. रंग बदलत असेल तिथे पट्ट्याची कड दिसते. समुद्राचंही तेच. त्या प्लेटांना वेळ लागे, लाटा हलत राहत आणि पाणी दुधासारखं गुळगुळीत उमटे. ते गुळगुळीत पाणी पाहून उत्तर अटलांटिक काढू नका.

आता रेघ. अख्ख्या चित्रात एकच रेघ जीव लावून काढायची, ती म्हणजे डेकची कड. ती सरळ नसते. नाळेकडे चढते, मधे उतरते, पिछाडीला पुन्हा थोडी चढते. किती? कपडे वाळत नसताना जरा सैल पडलेल्या वाळणीच्या दोरीइतकी. पण दोरीचा सर्वांत खालचा बिंदू मध्यावर असतो, बोटीचा मध्याच्या किंचित मागे, आणि नाळेची चढण पिछाडीपेक्षा जास्त. फ्रेंच कर्व्हने, म्हणजे वळणांच्या तयार साच्याने, ही रेघ नीट येत नाही, तुकडे जोडल्यासारखी दिसते. प्लास्टिकची लवचीक पट्टी घ्या, तीन ठिकाणी वजनं ठेवून वाकवा आणि एका दमात पेन्सिल फिरवा. कठडा, पोर्टहोलची म्हणजे गोल खिडक्यांची रांग, पत्र्यांचे सांधे, रंगाचा पट्टा हे सगळे या रेघेच्या मागून चालतात. सरळ राहते ती फक्त पाण्याची रेषा. बहुतेक जण इथे घोटाळा करतात : डेक वाकवतात आणि पोर्टहोल पट्टीने ओळीत लावतात.

काठ्या आणि धुराडं मागे किंचित कलतात. सगळे एकाच कोनात कलतात असं समजू नका, फोटोवर ट्रेसिंग ठेवून प्रत्येकाचा कोन वेगळा काढा. कित्येक बोटींची मागची काठी पुढचीपेक्षा थोडी जास्त कललेली असते. हा फरक नजरेला सांगता येत नाही, पण तो नसला की बोट ताठर दिसते.

लोखंडी पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटने जोडलेले. रिव्हेट काढण्याचा मोह होईल, तो आवरा. हिशेब करून पाहा. १८० फूट म्हणजे २१६० इंच. ती ३२ सेंटिमीटरमध्ये आणलीत की एक इंच ०.१५ मिलिमीटर होतो. रिव्हेटचं डोकं इंच-सव्वा इंचाचं. तुमच्या सर्वांत बारीक पेनाचा ठिपका त्याच्या पुढे जातो. ठिपके दिलेत तर बोटीला मोठाले खिळे मारल्यासारखे होतील. त्याऐवजी पत्र्यांच्या आडव्या सांध्यांच्या दोन-तीन तुटक, फिक्या रेघा पुरे. पाण्यावर दिसणाऱ्या भागात तितकेच पट्टे येतात. नाळेकडे जाताना ते अरुंद होतात, तेवढं मात्र दाखवा.

अंग काळं असेल तर सरसकट शाई ओतू नका. पाण्याचा उजेड खालून अंगावर पडतो, म्हणून पाण्याजवळचा पट्टा थोडा उजळ ठेवायचा. नांगराच्या भोकाखाली आणि डेकवरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या भोकांखाली गंजाचे ओघळ द्यायचे. ओघळ उभे आणि अनियमित असतात, त्या एवढ्या खुणांनी बोट नोकरीवर असल्यासारखी दिसते.

आता मुख्य गोष्ट, ती उभी कुठे आहे. सेंट किल्डा म्हणजे उत्तर युइस्ट या स्कॉटिश बेटाच्या पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटरवर अटलांटिकमधली बेटं. वस्ती होती ती हर्टा या मोठ्या बेटावर, व्हिलेज बे नावाच्या उपसागराच्या कडेला. हा उपसागर आग्नेयेकडे उघडा आहे. तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, आणि पश्चिम-वायव्येचा वारा असला की डोंगरांच्या आडोशाला बोट नांगर टाकून उभी राहू शकते. आग्नेयेचा वारा सुटला की लाटा थेट आत, मग उतरणं नाही की चढवणं नाही. म्हणजे शांतपणे नांगरलेली बोट काढणार असाल तर वारा जमिनीकडून येतोय हे ठरलं. नांगरलेली बोट नाळ वाऱ्याकडे करते. म्हणजे नाळ गावाकडे, पिछाडी समुद्राकडे. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ती समोरून किंवा तिरकी समोरून दिसणार, आणि समुद्रातून गावाकडे पाहणाऱ्याला पिछाडी दिसणार. गावासमोर आडवी, एका बाजूने पूर्ण दिसणारी बोट हे बहुतेक चित्रकारांचं आवडतं दृश्य, पण त्यासाठी वारा नैर्ऋत्य किंवा ईशान्येचा मानावा लागेल. मानायला हरकत नाही, पण मग धूर, निशाण आणि लाटा त्याच हिशेबाने वळवाव्या लागतील. धूर एकीकडे आणि निशाण दुसरीकडे, असं चित्र छापून आलं की कोकणातला कुठलाही खलाशी पहिल्या नजरेत हसतो.

तुमच्या लेखासाठी मी पिछाडीचं दृश्य निवडेन. पाहणारा समुद्रात होडीत आहे, समोर बोटीची गोलसर पिछाडी, तिच्यापलीकडे गाव. डाव्या हाताला डून बेटाचा दातेरी कणा, उजवीकडे ओइसेव्हल डोंगराचा उतार, मागे उजवीकडे कोनाखर, ४३० मीटर उंच. हा डोंगर बोटीला तिची खरी जागा दाखवतो. १८० फूट म्हणजे ५५ मीटर. बोट उभी केली तरी तशा सात-आठ एकावर एक ठेवाव्या लागतील. डोंगर लांब आहे हे धरूनही, त्याला पानाबाहेर जाऊ द्या. संपूर्ण डोंगर पानात बसवायच्या नादात तो टेकडी होतो आणि बोट राक्षसी.

होडीतून पाहताय म्हटल्यावर क्षितिज कुठे, हेही ठरलं. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून चार फुटांवर. म्हणजे क्षितिजाची पातळी प्रत्येक बोटीला, जवळच्या आणि लांबच्या, पाण्यापासून चार फुटांवर कापते. बोटीचा जवळजवळ सगळा भाग त्या पातळीच्या वर, म्हणून ती आपल्यावर झुकल्यासारखी दिसते. डेकचा वरचा पृष्ठभाग दिसता कामा नये. उलट गावाच्या मागच्या उतारावर शंभर फुटांवरून पाहत असाल तर क्षितिज बोटीवर पाण्यापासून शंभर फुटांवर, आणि डेक, हॅच (मालखान्याची झाकणं), लाइफबोटींची आतली बाजू सगळं दिसायला हवं. तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुमच्या चित्रात दोन्ही मिसळलंय : बोटीचा डेक वरून दिसतोय आणि पाणी मात्र डोळ्याच्या पातळीवर. खेळण्याकडे आपण असंच पाहतो.

पिछाडीच्या वळणावर नाव आणि नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. अक्षरं वळणाबरोबर वळतात, कडेची अक्षरं अरुंद होतात. आधी पेन्सिलीने मधली उभी रेघ काढा, तिच्या दोन्ही बाजूंना अक्षरं मोजून लावा. पोर्टहोलही तसेच, वळणाकडे जाताना गोल राहत नाहीत, उभे लंबगोल होतात.

वाफ आणि धूर यांत गल्लत नको. कोळशाचा धूर धुराड्यातून, नवा कोळसा टाकला की दाट काळा, नाहीतर विरळ तपकिरी. पांढरी वाफ धुराड्याला लागून उभ्या असलेल्या बारीक नळीतून. समुद्रातल्या बोटीचं इंजिन रेल्वेसारखं भकभक वाफ सोडत नाही. वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते. पण बोट एकाएकी थांबली आणि बॉयलरमध्ये दाब जास्त झाला की तो दाब या नळीतून सुटतो, पांढरा आणि उंच. म्हणजे नुकतीच नांगरलेली बोट दाखवायची तर धुराड्यावर थोडा काळा आणि शेजारी पांढरा पिसारा. आणि कंडेन्सरसाठी समुद्राचं पाणी आत घेऊन बाहेर टाकलं जातं, त्याची एक धार पाण्याच्या रेषेच्या जरा वर कुशीतून पडत असते. ही धार कुणी काढत नाही. दोन रेघांचं काम आहे, आणि त्यानं आत यंत्र आहे हे समजतं.

आता काम दाखवू. माझं मत विचाराल तर १९३०च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस घ्या, पण सगळे काढतात ते दृश्य घेऊ नका. २९ ऑगस्टला हर्टावरची उरलेली ३६ माणसं बेट सोडून गेली, ती ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजावरून. ‘डनारा कॅसल’वरून नव्हे. लेखात ही गफलत झाली असेल तर संपादकांना आत्ताच सांगा. ‘डनारा कॅसल’ त्याआधी दोन दिवस येऊन गावची गुरं आणि मेंढ्या घेऊन गेली. तुमच्या चित्राचा विषय हाच आहे. मेंढ्या होड्यांमधून बोटीच्या कुशीला आणायच्या. बिनधक्क्याच्या बेटांवर गुरं चढवायची हेब्रिडीज या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांमधली रीत अशी, की जनावर होडीमागे पोहवत आणायचं, पोटाखालून पट्टा घालायचा आणि विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, उचलून डेकवर घ्यायचं. उचललेल्या गाईचे चारही पाय सैल लोंबतात, मान पुढे ताणलेली असते, अंगावरून पाणी गळतं. दोरीचा ताण दाखवायचा असेल तर डेरिकची, म्हणजे माल उचलायच्या यारीची, काठी किंचितही वाकवू नका, ती वाकत नाही. दोर सरळ आणि ठाम काढा, आणि बाकीचे सगळे दोर सैल. ताण आपोआप दिसतो.

यासाठी पुढचा डेक हवा, आणि आपण तर पिछाडीकडून पाहतोय. म्हणून बोट थोडी फिरवा, तिरकी. कूस लांबवर दिसते, पुढची काठी आणि तिचा डेरिक लाइफबोटींच्या पलीकडे उभा राहतो, आणि उचललेलं जनावर आकाशावर काळं उमटतं. जवळ, खाली, मेंढ्यांनी भरलेली होडी. होडीतली माणसं तुमच्या एक सेंटिमीटरच्या माणसापेक्षा मोठी, कारण ती जवळ आहेत. पण क्षितिजाची पातळी त्यांच्याही डोळ्यांतूनच जाते, हे विसरू नका.

कोकणातल्या वाचकाला हे दृश्य परकं नाही. आपल्याकडेही आगबोट हर्णैला बाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून जायच्या. होडी वर येते त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा, खाली जाते तेव्हा नाही. घरात कुणी म्हातारं माणूस तो प्रवास केलेलं असेल तर त्यांना शिडीपाशी हात कुठे आणि पाय कुठे असायचे ते विचारा. शरीराचा तोल कागदावर आणायला त्याचा उपयोग फोटोपेक्षा जास्त होतो.

लाइफबोटींच्या लोखंडी बाकदार काठ्या, डेव्हिट, एकाच वेळी दोन्ही बाहेर काढू नका. त्या काळच्या डेव्हिट आपल्या जागी फिरणाऱ्या असत. बोट बाहेर काढताना आधी एक टोक बाहेर, मग दुसरं. सगळ्या बोटी आत बसवलेल्या असतील तर प्रश्नच नाही, एखादी उतरवताना दाखवणार असाल तर ती तिरकी.

गावाकडे वळू. आजचे फोटो समोर ठेवाल, तर त्यातून बरंच पुसावं लागेल. १९५७ नंतर आलेल्या लष्करी इमारती, डोंगरावरचा रस्ता आणि रडार सगळं काढून टाका. तपकिरी रंगाच्या, शिंगं वळलेल्या सोए मेंढ्या आज हर्टावर सगळीकडे दिसतात, पण त्या १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून आणून सोडल्या. १९३० साली होडीत चढत होत्या त्या गावकऱ्यांच्या, काळ्या तोंडाच्या जातीच्या मेंढ्या. किनाऱ्यावरची तोफ मात्र १९३० मध्ये होती. १९१८ साली जर्मन पाणबुडीने तिथे गोळे डागले, त्यानंतर ती बसवली. चित्र त्याआधीचं करायचं ठरवलंत तर तोफ नको. १८६०च्या दशकातली १६ घरं एका वळणावर ओळीने उभी आहेत. दाराची भिंत समुद्राकडे, प्रत्येकाला दोन खिडक्या. त्यांच्या मधेमधे जुनी, जाड भिंतींची बुटकी घरं. आणि उतारभर दगडी कोठारं, त्यांना क्लेट म्हणतात. दगड रचलेल्या भिंती, वर गवताळ मातीचं छप्पर. एकट्या हर्टावर ती १२०० हून जास्त आहेत. प्रत्येक काढायचं नाही. वरच्या उतारावर ठिपक्याहून थोडी मोठी खूण, खाली गावाजवळ आठ-दहा नीट. डोळा बाकीची भरून घेतो.

दूरचा डोंगर बारीक, तुटक रेघेने, बोट मध्यम, होडी जाड निबने. हवेतल्या ओलाव्यामुळे तिथे लांबचं फिकं दिसतं आणि डोंगराचा माथा बहुतेक वेळा ढगात असतो. कोनाखरचा माथा ढगात घालवलात तर तो पानाबाहेर नेण्याचं कामही सोपं होतं.

छपाईचं शेवटी. दिवाळी अंक कुठल्या कागदावर निघणार ते विचारा. मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते. शेजारशेजारच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. छापायच्या आकाराच्या दीडपट काढा. काठ्यांचे दोर त्या दीडपट आकारात ०.३ मिलिमीटरहून बारीक नकोत, नाहीतर छापताना तुटतात. बोटीच्या अंगावरच्या छटेत रेघांमधलं अंतर रेघेच्या जाडीच्या निदान दुप्पट. आणि चित्र एका पानावर आहे की दुपानी, हे आधी पक्कं करून घ्या. दुपानी असेल तर घडीवर धुराडं किंवा डेरिकचा दोर येऊ देऊ नका. लाइफबोटींमधला रिकामा कठडा घडीत गेला तर काही बिघडत नाही.